तीन फुल्या

विट्याच्या शाखेत, काउंटर चारवर
ज्योतीराम मोहिते, मुक्काम लेंगरे,
पिशवीतून आधी चष्मा काढतात, मग पासबुक,
मग पोराने शारजाहून फोनवर सांगितलेला निरोप,
लग्नपत्रिकेच्या पाठीवर उतरवलेला:
मॅडमला स्विफ्ट विचारा.

"आमच्यात स्विफ्ट न्हाई. पुतण्याची हाय, पांढरी.
पन पैसं आणायला गाडी कशापायी?"

मी हसले नाही. आठवड्यातून दोनदा तरी हे होतं.
कोऱ्या स्लिपवर कोड लिहिला, ठळक,
अकरा घरं आखून.
पहिली चार बँकेची.
पुढची दोन देशाची, आय आणि एन.
मग दोन शहराची, आणि ते शहर विटा नव्हे.
शेवटची तीन शाखेची.

"आपल्या शाखेची कुठली?"

आपल्याला नाहीत, म्हटलं. पैसे मोठ्या शाखेत उतरतात,
तिथून मग इकडे.
म्हणून शेवटी एक्स, एक्स, एक्स.

त्यांनी बोट टेकवलं. "ह्या तर फुल्या."
आणि जरा थांबून,
"शिवी लिवायची नसली की आमी फुल्या मारतो.
तुमी गावाचं नाव लिवायचं नसलं की."

ते बोट मी नंतर नीट पाहिलं,
आधारच्या मशीनवर.
त्रिचूरच्या सराफकट्ट्यावर तेहतीस वर्षं गलाईचं काम,
तेजाबानं रेघा पुसून नेलेल्या.
मशीन चार वेळा म्हणालं, पुन्हा ठेवा.
पाचव्यांदा मीच हरले, म्हटलं सही चालेल.

तेव्हा कसे पाठवायचात पैसे?
"गावाकडं कोन निघालाय, त्येवढं कळलं की झालं.
उशीच्या अभ्र्यात शिवायचं.
घरच्यांनी उसवायचं.
एकदा यशवंता नेर्लेकर तिकडंच वारला, वाटंत,
तर त्याच्या भावानं उशी आणून दिली.
टाका तसाच."

पहिल्या खेपेला पैसे परत गेले.
पोराने जोतीराम लिहिलं, घरात म्हणतात तसं.
पासबुकात ज्योतीराम.
एका वायपायी हजार डॉलर
समुद्रावरून उलटे फिरले.
दुसऱ्या खेपेला आले, अठराव्या दिवशी,
चाळीसेक डॉलर कमी.

"ह्ये कुनी घेतलं?"
मधल्या बँकेनं.
"मधली म्हंजे?"
न्यूयॉर्कची असेल.
"शारजाहून लेंगऱ्याला यायला
न्यूयॉर्कवरनं कशाला आलं? एस.टी. चुकली व्हती का?"

आता मात्र मी हसले. ते नाही.
तळहातावर काहीतरी तोलल्यासारखा
त्यांनी हात वर-खाली केला, रिकामाच.
"घट हाय ही. मुशीत घातलं की घट येतीच,
त्याचं काय न्हाई.
पन आमी घट आधी सांगायचो, मॅडम.
तोळ्यामागं किती, त्ये बोलीतच असायचं."

याला माझ्याकडे परिपत्रक नव्हतं.
मागच्या माणसाने टोकन खिडकीवर वाजवलं.

परवा पुन्हा आले. या वेळी निरोप नाही, खिशात वही,
दुधाच्या रतिबाची.
शेवटच्या पानावर पट्टीने आखलेली अकरा घरं.
पहिली चार माझ्या स्लिपवरून हुबेहूब,
इंग्रजी अक्षरं, चित्र काढावं तशी.
आय, एन, तेही बरोबर.
मग दोन घरांत: वि, टा.
आणि जिथे फुल्या हव्यात तिथे
लें
ग
रे.

मी पेन उचललं. आजोबा, असे नाही यायचे पैसे.

"ठावं हाय की.
पोराला फोनवर फुल्याच सांगितल्या."
वही मिटून त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात घातली,
वरून एकदा थोपटली.
"ह्ये माज्याकडं असू द्या."